हेलनबाईंचे वाचनालय

हेलन केलर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाण्याचा पंप येतो. एका हातावर पाण्याची धार, दुसऱ्या हातावर बाईंची बोटे, आणि आंधळ्या-बहिऱ्या मुलीच्या मनात एकाएकी पडलेला प्रकाश. ही हकीकत आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचली आहे. १९६२ साली तिच्यावर ‘द मिरॅकल वर्कर’ हा इंग्रजी चित्रपट निघाला, आणि २००५ साली संजय लीला भन्साळी ह्यांनी त्याच हकीकतीवरून स्फूर्ती घेऊन ‘ब्लॅक’ काढला. पण पंपापाशी उभी असताना हेलन सात वर्षांचीही झालेली नव्हती. त्यानंतर ती ८१ वर्षे जगली. त्या ८१ वर्षांतल्या कामाचा एक मोठा धागा अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयांशी जोडलेला आहे. आपण इथे राहतो, मुलांना घेऊन दर शनिवारी वाचनालयात जातो, तरी हा भाग आपल्या कानावर फारसा येत नाही. म्हणून आज तोच सांगायचा विचार आहे.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया ह्या लहानशा गावी झाला. वडील कॅप्टन आर्थर केलर यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले, पुढे वर्तमानपत्राचे संपादक. १९ महिन्यांची असताना हेलनला कडक ताप आला आणि त्यात डोळे आणि कान दोन्ही गेले. आई केट हिने चार्ल्स डिकन्सच्या अमेरिकेवरील प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमन ह्या आंधळ्या-बहिऱ्या मुलीला बोस्टनच्या शाळेत शिकवल्याचे वाचले होते. एका पुस्तकातल्या त्या काही पानांमुळेच आईबापांची धडपड सुरू झाली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यांचा सल्ला मिळाला, बोस्टनच्या पर्किन्स संस्थेशी पत्रव्यवहार झाला, आणि ३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन ही वीस वर्षांची शिक्षिका टस्कंबियाला येऊन दाखल झाली. ॲनबाई स्वतः पर्किन्सच्याच विद्यार्थिनी. त्यांचे डोळे लहानपणापासून अधू, शस्त्रक्रिया करून कसेबसे कामापुरते झालेले.

ॲनबाई हेलनच्या तळहातात बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर काढीत. अशा तऱ्हेने शब्द, मग वाक्ये, मग गोष्टी. एखादे पुस्तक कोणी असे हातात वाचून दाखवले की ते संपल्यावर हातात काहीच उरत नाही. मागचे पान उलटून बघता येत नाही, आवडलेला परिच्छेद पुन्हा वाचता येत नाही, आणि वाचणाऱ्याने मध्येच काय गाळले तेही कळत नाही. आपल्या आजीला पोथी वाचून दाखवणारा नातू दोन पाने एकदम उलटतो, तशातलाच प्रकार!

१८८८ च्या मे महिन्यात हेलन पर्किन्स संस्थेत गेली. तिथे एक ग्रंथालय होते आणि त्यात उठावाच्या अक्षरांची पुस्तके होती. जाड कागदावर अक्षरे दाबून वर उचललेली, बोट फिरवून वाचायची. रोज काही वेळ ह्या ग्रंथालयात हिंडायची तिला मोकळीक मिळाली. ह्या कपाटाकडून त्या कपाटाकडे जावे, बोटाला लागेल ते पुस्तक काढावे, आणि दहातला एक शब्द कळला तरी वाचत बसावे असा तिचा क्रम. ॲनबाईंना ती एकदा कोपऱ्यात बसून नाथानियल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ वाचताना सापडली. आठ वर्षांच्या मुलीच्या वयाचे ते पुस्तक नव्हे, पण आपण निवडलेले आणि कोणाच्याही मदतीशिवाय वाचलेले असे काहीतरी तिच्या हाती होते. त्याच उन्हाळ्यात ॲनबाईंनी तिला ‘लिटल लॉर्ड फाँटलरॉय’ हातात वाचून दाखवले. ते इतके आवडले की संस्थेचे प्रमुख मायकल अनाग्नोस ह्यांनी तिच्यासाठी त्याची उठावाच्या अक्षरांत प्रत करवली. मग तिने ती इतक्यांदा वाचली की पुस्तक जवळजवळ पाठ झाले.

ह्या सुखाला लवकरच दृष्ट लागली. १८९१ साली हेलनने ‘द फ्रॉस्ट किंग’ नावाची एक गोष्ट लिहून अनाग्नोस ह्यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी ती कौतुकाने छापली. थोड्याच दिवसांत लक्षात आले की मार्गारेट कॅन्बी ह्या लेखिकेची अशीच गोष्ट पूर्वी प्रसिद्ध झालेली आहे. चोरी केली म्हणून ओरड झाली. संस्थेने आठजणांची समिती बसवली आणि अकरा वर्षांच्या त्या मुलीला, ॲनबाईंना बाहेर काढून, एकटीला प्रश्न विचारले. पुढे उलगडा झाला तो असा की १८८८ च्या उन्हाळ्यात ॲनबाई सुट्टीवर असताना, त्या ज्यांच्या घरी उतरल्या होत्या त्या बाईंनी मुलीची करमणूक म्हणून बहुधा ते पुस्तक तिच्या हातात वाचले होते. हेलनला पुस्तक आठवत नव्हते, पण त्यातली चित्रे मनात घर करून राहिली होती. डोळस मुलाला असा संशय आला असता तर त्याने पुस्तक काढून ताडून पाहिले असते. हेलनपाशी ताडून पाहायला पुस्तकच नव्हते. पुढे पुष्कळ वर्षे काही लिहायला बसली की हे आपले की कुठे वाचलेले, ह्या भीतीने तिचा हात अडे. माझ्या मते पंपाच्या गोष्टीइतकीच ही गोष्टही मुलांच्या पुस्तकांत यायला हवी, पण ती दुःखाची असल्यामुळे येत नाही.

ह्या प्रकारानंतर १८९३ साली टस्कंबियातल्या बायकांनी गावात सार्वजनिक वाचनालय काढायचे म्हणून एक मंडळ स्थापन केले. हेलनची आई त्याची अध्यक्षा. हेलन तेव्हा बारा वर्षांची. तिने आपल्या ओळखीच्या थोरामोठ्यांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला. थोड्याच दिवसांत कित्येकशे पुस्तके आणि त्यांबरोबर पैसेही येऊन पडले. ह्यातली पुस्तके साध्या शाईने छापलेली होती. म्हणजे त्यांतले एकही पुस्तक हेलनला स्वतः वाचता येण्यासारखे नव्हते. ते वाचनालय उभे राहिले, आणि आजही गावात हेलनच्या नावाने आहे.

१९०० साली हेलन रॅडक्लिफ कॉलेजात दाखल झाली. लागणारी पाठ्यपुस्तके उठावाच्या अक्षरांत क्वचितच तयार असत. लंडनला आणि फिलाडेल्फियाला काही छापून घ्यावी लागत, आणि ती हातात पडेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असे. बाकीची ॲनबाई दिवसाचे अनेक तास तिच्या हातात वाचत. डॉक्टरांनी डोळ्यांना जपा म्हणून बजावले होते, तरी त्या वाचत राहिल्या. कॉलेजाच्या ग्रंथालयात हजारो पुस्तके होती, पण हेलनपर्यंत पोचायला त्यांना एका अधू डोळ्यांच्या बाईच्या बोटांखेरीज वाट नव्हती.

आता लिप्यांच्या गोंधळाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. लुई ब्रेल ह्या फ्रेंच माणसाने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली हे सर्वांना ठाऊक आहे. पण अमेरिकेत त्या वेळी एकच लिपी नव्हती. पर्किन्सची जुनी पुस्तके रोमन अक्षरांच्याच उठावाची. इंग्लंडातून आलेली मून साहेबांची रेघांची लिपी वेगळी. न्यूयॉर्कच्या विल्यम वेट ह्यांनी ‘न्यूयॉर्क पॉइंट’ नावाची ठिपक्यांची लिपी काढली. बोस्टनच्या जोएल स्मिथ ह्यांनी ‘अमेरिकन ब्रेल’ काढली. शिवाय इंग्लंडचे ब्रेल होतेच. प्रत्येक शाळेला आपल्याच लिपीचा अभिमान. आधीच पैसा तुटपुंजा, त्यात तेच तेच पुस्तक तीन लिप्यांत छापायचे आणि बाकीची शंभर पुस्तके तशीच राहायची. एका गावच्या शाळेत शिकलेला आंधळा मुलगा दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात गेला तर तिथल्या पुस्तकांपुढे तो निरक्षर!

हेलनला ह्याचा चटका ऐन परीक्षेत बसला. १८९९ च्या जून महिन्यात रॅडक्लिफची प्रवेशपरीक्षा होती. बीजगणिताची प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये उतरवून देणार होते. हेलनला तिन्ही ब्रेल लिप्या वाचता येत, पण गणिताच्या खुणा प्रत्येकीत निराळ्या, आणि तिने बीजगणित केलेले इंग्लिश ब्रेलमधून. परीक्षेच्या दोन दिवस आधी जुनी प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा हा घोटाळा उघड झाला. खुणांचा तक्ता टपालाने मागवला, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत कंस कुठला आणि वर्गमूळ कुठले ह्याचीच उजळणी चालली होती. ती उत्तीर्ण झाली, १९०४ मध्ये पदवीही मानाने मिळवली. पण असे किती विद्यार्थी त्या खुणांतच अडकून मागे राहिले असतील ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळापुढे ह्या लिप्यांवरून मोठ्या सुनावण्या झाल्या. त्या वादाला ‘ठिपक्यांचे युद्ध’ असेच नाव पडले आहे. हेलनबाईंनी (आता त्यांना बाई म्हटले पाहिजे, ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र १९०३ साली पुस्तकरूपाने येऊन त्यांचे नाव जगभर झाले होते) आपले वजन ब्रेलच्या बाजूने टाकले. मंडळाने ब्रेल निवडले. १९१७ साली सुधारलेले ब्रेल देशभर मान्य झाले, आणि १९३२ साली इंग्लंड-अमेरिका दोघांनी मिळून एकच प्रमाण इंग्लिश ब्रेल ठरवले.

आपल्याकडेही हेच झाले, फक्त उशिरा. हिंदुस्थानात वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालत होत्या. १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ठरले, आणि मराठीसकट आपल्या भाषांना एका पद्धतीत आणले गेले. मराठीचा ‘क’ आणि बंगालीचा ‘क’ डोळ्यांना वेगळे दिसतात, बोटाला मात्र एकच लागतात.

पुन्हा हेलनबाईंकडे येऊ. पदवी मिळाली तरी पोटापाण्याचा प्रश्न होता. व्याख्याने झाली, १९२० नंतर काही वर्षे नाटकशाळांतून करमणुकीच्या खेळांतही त्या आणि ॲनबाई उभ्या राहिल्या. बाईंची मते जहाल होती. १९०९ साली त्या समाजवादी पक्षात गेल्या, आणि जर्मनीत ब्रेलमध्ये छापलेले समाजवादी नियतकालिक मागवून वाचत, कारण अमेरिकेत तसे काही ब्रेलमध्ये मिळत नसे. अंधांनी काय वाचावे हे छापणारा ठरवतो, ही गोष्ट त्यांच्या चांगलीच अंगवळणी पडली होती.

१९२१ साली ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड’ ही संस्था निघाली आणि १९२४ पासून हेलनबाई तिच्या कामाला लागल्या. संस्थेतले रॉबर्ट अर्विन हे स्वतः अंध होते आणि कायदे-हिशेबांची बाजू तेच सांभाळत. त्या वेळची परिस्थिती अशी: वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात १८९७ साली अंधांसाठी एक वाचनकक्ष उघडला होता, आणि १९०४ च्या कायद्याने ग्रंथालयांतून अंधांना जाणाऱ्या पुस्तकांचे टपाल फुकट झाले होते. ब्रेल पुस्तक म्हणजे पाटावरवंट्याएवढे जड, एका कादंबरीचे चार-पाच खंड व्हायचे, त्यामुळे ही सवलत लहान नव्हती. पण फुकट टपालाने पाठवायला पुस्तके तर हवीत! मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांनी थोडीफार जमवलेली, खेड्यापाड्यांतल्या अंधांना मात्र मागायचे कोणाकडे हेही ठाऊक नसे.

१९३० साली काँग्रेसच्या समितीपुढे हेलनबाई जातीने गेल्या आणि अंधांच्या पुस्तकांसाठी सरकारी पैसा मागितला. त्यांचे बोलणे परक्याला नीट कळत नसे, सोबतीण ते पुन्हा उच्चारून सांगे. न्यूयॉर्कच्या रूथ प्रॅट आणि यूटाचे सिनेटर रीड स्मूट ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ३ मार्च १९३१ रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर ह्यांच्या सहीने झाला. वर्षाला एक लाख डॉलर अंध प्रौढांच्या पुस्तकांसाठी मंजूर झाले. त्याहून महत्त्वाचे हे की देशभरातली १९ ग्रंथालये नेमून दिली गेली. कुठल्याही कोपऱ्यातल्या अंध माणसाने आपल्या भागाच्या ग्रंथालयाला पत्र टाकावे आणि पुस्तक टपालाने घरी यावे अशी व्यवस्था झाली. योगायोग असा की ॲनबाई टस्कंबियाला आल्या ती तारीखही ३ मार्चच, ४४ वर्षांपूर्वीची.

पण ब्रेल सगळ्यांनाच येत नाही. बहुतेकांची दृष्टी जाते ती उतारवयात, आणि साठीनंतर काम करून राठ झालेल्या बोटांना ठिपके शिकवणे सोपे नाही. अर्विन आणि त्यांचे सहकारी म्हणून बोलत्या पुस्तकाच्या मागे लागले. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेणारी, नेहमीच्या तबकडीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ चालणारी तबकडी त्यांनी तयार करवली. बाजारात गाण्यांच्या ‘लाँग प्ले’ तबकड्या आल्या १९४८ साली; अंधांना पुस्तके ऐकायला त्या १९३४ पासूनच मिळत होत्या. मात्र तबकडी वाचनालय देई, ती वाजवायचे यंत्र ज्याचे त्याने विकत घ्यायचे. मंदीच्या दिवसांत ते किती अंधांना परवडणार?

संस्थेने १९३३ साली हेलनबाईंना यंत्रांसाठी निधी गोळा करायला सांगितले. त्यांनी साफ नकार दिला. देशात लाखो लोक बेकार फिरत असताना आपण फोनोग्राफसाठी हात पसरणार नाही, ही सध्या तरी चैन आहे, असे त्यांनी कळवून टाकले. चरित्रकार ही गोष्ट कधी कधी हळूच वगळतात. मला तसे करावेसे वाटत नाही. ज्या बाईला तबकडीचा एक सूरही कधी ऐकू येणार नव्हता तिला ती चैन वाटली ह्यात नवल ते काय? पण दोन वर्षांत त्यांचे मत बदलले. ब्रेल न येणारे म्हातारे अंध दिवसच्या दिवस खुर्चीत बसून असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचणारी दुसरी वाटच नाही, हे त्यांना पटले. त्यांच्या स्वतःच्या घरातही बघण्यासारखे होते: १९२९ साली ॲनबाईंचा एक डोळा काढावा लागला होता आणि दुसराही जवळजवळ विझला होता. ज्या बाईने जन्मभर वाचून दाखवले तिलाच आता दिसेनासे झाले होते.

१९३५ साली हेलनबाई यंत्रांसाठी कामाला लागल्या. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्यापर्यंत त्यांनी शब्द टाकला. रूझवेल्ट स्वतः पोलिओने पायांनी अधू. बेकारांना काम देण्याची जी सरकारी योजना तेव्हा चालू होती तिच्यातूनच बोलत्या पुस्तकांची यंत्रे बनवून घ्यायचे ठरले. म्हणजे बेकारांसाठी म्हणून ज्या यंत्रांना नकार दिला होता तीच यंत्रे बेकारांना काम देऊन तयार झाली. १९४२ पर्यंत अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे बनली आणि वाचनालयांमार्फत अंधांच्या घरी उसनी गेली. ॲनबाई २० ऑक्टोबर १९३६ रोजी वारल्या.

मधल्या काळातली आणखी एक घटना सांगायला हवी. मे १९३३ मध्ये जर्मनीत नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकांच्या होळ्या पेटवल्या, त्यांत हेलनबाईंचेही लेखन होते. आपल्या पुस्तकांचे जर्मनीतले उत्पन्न त्यांनी पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या जर्मन सैनिकांना कायमचे देऊन टाकले होते. त्यांनी जर्मन विद्यार्थ्यांना उघड पत्र लिहिले आणि पुस्तके जाळून विचार मरत नाहीत हे सुनावले. पुढे १९४६ साली त्यांच्या कनेटिकटमधल्या घराला आग लागली आणि ब्रेल पुस्तके, पत्रे, ॲनबाईंच्या चरित्राचे बरेच लिहून झालेले हस्तलिखित, सगळे जळाले. वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतले. ‘टीचर’ ह्या नावाने ते १९५५ साली प्रसिद्ध झाले.

त्याच १९५५ साली, पंचाहत्तरीला टेकल्या असताना, त्या चाळीस हजार मैलांच्या आशिया दौऱ्यावर निघाल्या आणि हिंदुस्थानात आल्या. पंडित नेहरूंचा चेहरा बोटांनी चाचपून बघतानाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. मुंबईलाही त्या गेल्या. तिथे अंधांचा राष्ट्रीय संघ, ज्याला आपण ‘नॅब’ म्हणतो, तीनच वर्षांपूर्वी, १९५२ साली निघाला होता. भारती ब्रेल चार वर्षांचे होते. म्हणजे ज्या टप्प्यावर अमेरिका हेलनबाईंच्या तरुणपणी होती, लिपी ठरली पण पुस्तके नाहीत, त्याच टप्प्यावर आपण त्या वेळी होतो.

१ जून १९६८ रोजी, अठ्ठ्याऐंशी पुरी व्हायला काही दिवस उरले असताना, हेलनबाई वारल्या. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये ॲनबाईंच्या शेजारी त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत.

१९३१ चा कायदा मात्र वाढत गेला. आधी तो फक्त प्रौढांपुरता होता, १९५२ साली मुलांनाही लागू झाला. १९६६ साली, म्हणजे बाई हयात असतानाच, त्यात आणखी एक मोठी भर पडली: ज्यांना दिसते पण शरीराच्या व्याधीमुळे छापील पुस्तक हातात धरता येत नाही किंवा पाने उलटता येत नाहीत, त्यांनाही ही पुस्तके मिळू लागली. हात थरथरणारे, अर्धांगाने पडलेले, सारे त्यात आले. काँग्रेस ग्रंथालयाच्या ‘नॅशनल लायब्ररी सर्व्हिस’मार्फत हे काम चालते. तबकड्या गेल्या, कॅसेटी आल्या आणि गेल्या. आता वाचनयंत्र टपालाने उसने मिळते किंवा पुस्तक इंटरनेटवरून उतरवून घेता येते. पैसे पडत नाहीत.

आपल्यातल्या पुष्कळांचे आईवडील आता इथेच येऊन राहिले आहेत. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने गेलेली नजर, कंप सुटलेले हात, हे घरोघरी आहे. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन ग्रंथपालाला ह्या सेवेबद्दल विचारले तर अर्ज मिळतो, आणि त्यावर डॉक्टर, परिचारिका किंवा खुद्द ग्रंथपाल ह्यांची सही चालते. बहुतेक पुस्तके अर्थातच इंग्रजी. तरी आता परदेशी भाषांतल्या पुस्तकांचीही वाट थोडी मोकळी झाली आहे. अंधांसाठी केलेल्या प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्यात कॉपीराइटची अडचण येऊ नये म्हणून २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश येथे करार झाला. त्याला सर्वांत आधी, २०१४ साली, मान्यता देणारा देश भारत होता. अमेरिकेने २०१९ साली दिली. तेव्हा अर्ज भरताना मराठी पुस्तकांची मागणीही नोंदवावी. मागणी कागदावर असली तर ग्रंथपालाला पुढे लिहिता येते.